एक दिवस मागे राहिलेला चंद्र

लंकाबाईची तिसरी भाकरी तव्यावर फुगत होती. तिचा नवरा गहिनीनाथ चुलीपासून हातभर अंतरावर बसून पहिल्या भाकरीचा दुधात काला करत होता आणि दूध कमी घातल्याची तक्रार भाकरीलाच सांगत होता. डेअरीला दूध घालून झालं होतं, शेळीनं सकाळचं ओरडून घेतलं होतं. ती आत घुसते म्हणून दार लोटलेलं होतं. दोघांच्या रोजच्या भांडणाला आता फक्त एखादं बरं निमित्त हवं होतं. तेवढ्यात कडी वाजली.

"आला बघ शनी," गहिनीनाथ म्हणाला.

सकाळी कोणीही आलं तरी तो हेच म्हणायचा. लंकाबाई पत्रिका बघायची आणि सुखातला माणूस पत्रिका घेऊन हिंडत नाही, हे त्याचं जुनं निरीक्षण होतं.

"भाकऱ्या होईस्तोवर मी कुनाचा गुरू-शुक्र बगत न्हाई," लंकाबाईनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. "बस तिकडं वट्यावर!"

बाहेरचं माणूस ओट्यावर बसलं नाही. दार ढकलून आत आलं. चांगुणाची निकिता. वरच्या आळीला राहणाऱ्या चांगुणाची ही एकुलती एक लेक सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनचे पार्ट तपासायला होती. एखाद्या सुताएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढणारी. सुट्टीला आली की लांबूनच "आजी, बरंय ना?" म्हणून पुढं जायची. आज मात्र एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात दोन कागद आणि तोंडावर राग होता.

"आजी, हे दोन कागद बघा आणि सांगा, यातली मी कोण?"

लंकाबाईनं भाकरी उलटली. "चष्मा तिकडं फळीवर हाय. घे आन् बस. दुसरी कुठं पळून चाललीय का?"

एक कागद लंकाबाईच्याच हातचा होता. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, कोपऱ्यात कुंकवाचा डाग. दुसरा मोबाईलवरून काढलेला गुळगुळीत प्रिंट. पहिल्यावर रास धनू लिहिली होती, दुसऱ्यावर मकर.

"तीन स्थळं याच जुन्या कागदावरनं परत गेली," निकिता म्हणाली. "चंद्रावर शनीची दृष्टी. मुलगी मनानं थंड, संसारात उदासी. तुमचंच अक्षर आहे. आणि आज अकराला ओंकारचे वडील येतायत. चौथ्यांदा तेच ऐकायला."

ओंकार तिच्याच कंपनीत होता. दोघांचं आधी जुळलं आणि मग घरच्यांना सांगितलं. ओंकारच्या वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पत्रिका तेवढी मागून घेतली आणि निरोप धाडला, की ज्यानं लिहिली त्याच्याच तोंडून ऐकतो.

"मोबाईलला काय कळतंय?" लंकाबाई म्हणाली. पण तिनं तवा उतरवला.

लंकाबाईला हे सगळं का कळत होतं, त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. ती मंगळाची. तरुणपणी तिची अकरा स्थळं परत गेली. दर वेळी पाहुणे यायचे, गोड खायचे, कागद बघायचे आणि "मंगळ हाय हो" म्हणून टोपी घालून निघायचे. बाराव्याच्या आधी तिनं ठरवलं, की कागदावर नेमकं काय लिहिलंय ते आपण स्वतः वाचायचं. सातवी शिकलेली पोर गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या पडवीत जाऊन बसली. गुरुजींना वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. ती दोन वर्षं येत राहिली. सहा महिन्यांत स्वतःची पत्रिका वाचून तिला एवढं कळलं, की मंगळ होता खरा, पण अकरांतल्या नऊजणांना तो वाचताच येत नव्हता. त्यांना तिचा काळा रंग दिसला होता आणि बापाची दोनच एकर जमीन.

गहिनीनाथच्या घरच्यांनीही दोष काढायचा म्हणून आधी तिचं लग्न एका मातीच्या घागरीशी लावलं. अक्षता पडल्या, घागर फोडली आणि मग खऱ्या नवऱ्याला उभं केलं. "पयला नवरा लई गुनी हुता," लंकाबाई अजून सांगते. "अर्धा तास टिकला, पन एकदा उलटून बोलला न्हाई." मंगळाची बायको नवऱ्याला खाते म्हणतात. गहिनीनाथचे चाळीस वर्षांत दोन दात पडले, तेही शेंगदाण्याच्या चिक्कीनं.

ग्रहांशी तिचं बोलणं भावकीतल्या माणसांसारखं होतं. शनीला तीन नजरा असतात, तो बसल्या जागेवरून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घराकडं बघतो. "तीनच?" ती म्हणायची. "माझ्या सासूला बारा हुत्या. त्यातली एक पाठीला." मंगळ म्हणजे मानपानावरून मांडवात रुसून बसणारा मामा. गुरू रिटायर झालेला हेडमास्तर. त्याची नजर चांगली, सगळ्यांकडं प्रेमानं बघतो, पण उठून काम काही करत नाही. राहू म्हणजे नंबरप्लेट नसलेला टेम्पो. कोणी वाईट दृष्टीचं नाव घेऊन रडत आलं, की ती आधी त्याला पाणी द्यायची आणि मग विचारायची, "बगनारा कोन? त्यो कुठनं बगतोय? आन् ज्याच्याकडं बगतोय त्याच्या शेजारी कोन बसलंय?" एवढं विचारून झालं की निम्मी माणसं रडायची थांबायची. उरलेल्यांना ती चहा द्यायची.

चष्मा लावून तिनं दोन्ही कागद मांडीवर घेतले. मोबाईलच्या कागदावर तारीख तेरा सप्टेंबर एकोणीसशे सत्त्याण्णव, पहाटे चार. तिच्या कागदावर शुक्रवार, तारीख बारा, पहाटे चार.

"ही तेरा कुठनं काढली?"

"ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आहे ना."

गावात दाखला शाळेसाठी आणि पत्रिका लग्नासाठी असते. दोन्ही एकाशेजारी एक ठेवून बघायची कोणाला गरज पडत नाही. शिवाय शाळेत निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. एका दिवसाच्या फरकानं कोणाच्या भुवया वर जात नाहीत.

"आईला फोन लाव," लंकाबाई म्हणाली.

फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून चांगुणाचा आवाज आला, मागं कोंबड्या.

"चांगुणे, ही कार्टी झाली तो वार सांग."

"शुक्कीरवार. लंकाबाई, तुमाला म्हाईतच हाय की."

"शुक्कीरवार म्हंजी कवाचा?"

"आवं, गौराई बोळवल्या ना बिस्तरवारी, त्याच्या दुसऱ्या दिशी. दिसभर मी निवद-बिवद आवरला, संध्याकाळच्याला पोटात कळ आली, आन् रातीला दुधाची गाडी यायच्या आदी ही भायेर. का? काय झालं?"

लंकाबाईनं बोटांवर दिवस मोजले. निकितानं "नंतर करते गं" म्हणून फोन ठेवला.

चूक लंकाबाईच्या डोळ्यांसमोर भाकरीवरच्या डागासारखी उमटली. पंचांगाचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत चालतो. शुक्रवारी संध्याकाळी कळा आलेल्या बाईचं मूल पहाटे चारला झालं, तर गावाच्या तोंडी वार शुक्रवारच राहतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तोपर्यंत शनिवार, तेरा तारीख लागलेली असते. लंकाबाईनं वार धरला गावाचा आणि तारीख घेतली कॅलेंडरातली शुक्रवारची. म्हणजे निकिताला तिनं अख्खा एक दिवस आधीच जन्माला घातलं होतं, तिच्या आईला कळा यायच्याही आधी. बाकीचे ग्रह एका दिवसात फारसे हलत नाहीत. चंद्र हलतो. तो घर ओलांडून पुढं गेला होता आणि लंकाबाईनं त्याला सत्तावीस वर्षं मागंच बसवून ठेवलं होतं, शनीच्या नजरेसमोर.

"गुरुजी त्याच श्रावनात गेल्ते," ती हळू म्हणाली. "त्यांनी न तपासता मी एकटीनं केलेली ही पयलीच."

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी."

निकिता हेल्मेटच्या पट्ट्याची नुसती उघडझाप करत राहिली. तीन स्थळांतल्या दुसऱ्या मुलाच्या आईनं तिला तोंडावर म्हटलं होतं, की बाई, तुझा चेहराच सांगतोय शनी. ती घरी येऊन आठ दिवस आरशासमोर हसून बघत होती. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. आज लंकाबाईला सांगितलं.



"त्या वक्ताला अशा रातीच्या आजून किती केल्यास?" गहिनीनाथनं विचारलं. "गाव निम्मं रातीचंच जल्मलंय."

हा प्रश्न लंकाबाईच्या मनात आधीच येऊन बसला होता. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, तारखेचा लेखी कागद यायला लागला, आणि चूक आपोआप बुजली. पण त्याआधीची दीड-दोन वर्षं होतीच. ट्रंकेतली वही काढून तिनं पानं चाळली. रात्रीचे जन्म चौदा निघाले.

"गावच्या ग्रुपवर लिव," ती निकिताला म्हणाली. "लंकाबाईनं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली ज्यांच्या पत्रिका केल्या आन् ज्यांचा जल्म रातच्या बारानंतरचा हाय, त्यांनी येऊन जावं. चूक लंकाबाईची हाय. नवीन फुकट करून मिळंल."

"आत्ता पाठवू?"

"आत्ताच. पाव्हणं यायच्या आदी. मंग माझी बुद्धी फिरली तरी उपेग न्हाई."

निकितानं पाठवलं. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'आमच्या बायकोची असेल तर राहू द्या, आता सवय झाली.' गहिनीनाथ एवढा हसला की काल्याचं भांडं कलंडलं. लंकाबाई हसली नाही. गावात तिची पत कशावर होती, तर तिच्या कागदावर. तो धागा तिनं स्वतःच्या हातानं उसवला होता.

मग तिनं पंचांगाचं जुनं बाड उघडलं आणि कोरा कागद घेतला. निकिता शेजारी बसून चौकोनातली घरं भरताना बघत होती. चंद्र मकरेत आला, लग्नाच्या म्हणजे पहिल्या घरापासून सातव्या, जोडीदाराच्या घरात, थेट गुरूच्या शेजारी. शनीची एकही नजर तिथं पोचत नव्हती. निकितानं सुटकेचा निःश्वास सोडला. लंकाबाईचं पेन मात्र चौथ्या घरापाशी थांबलं.

"काय झालं?"

"मंगळ. त्यो आधीबी इथंच हुता, पन तवा चंद्र दुसरीकडं हुता, आन् शनीच्या भरात मी ह्याची नजर लिवलीच न्हाई. आता ह्याची चौथी नजर नीट चंद्रावर पडतीय. आन् जोडीदाराच्या घरावरबी."

"म्हणजे शनी गेला आणि मंगळ आला?"

"मंगळ गेलाच कुठं हुता?"

"आजी," निकिता जवळ सरकली, "तो नाही लिहिला तर? एवढं एक घर रिकामं ठेवलं तर कोणाला कळणार आहे? नाहीतरी चूक झालीच आहे, थोडी आमच्या बाजूनं होऊ द्या."

लंकाबाईला मोह झाला नाही असं नाही. पोरगी नातीच्या वयाची, आणि तीन वेळा जे ऐकून घेतलं ते लंकाबाईच्याच अक्षरातलं. पेनाचं टोक कागदावर टेकवून ती बसून राहिली. शेवटी म्हणाली, "मंगळ हलवायचा तर तुझ्या आईला आजून नऊ-धा दिस कळा धरून बसावं लागलं असतं. एकदा तुला एक दिस आदी काढली, आता धा दिस पुढं ढकलू? चांगुणा मारंल मला."

तिनं मंगळ लिहिला. निकिता हेल्मेट घेऊन उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

अकराला मोटारसायकल दारात आली. ओंकारचे वडील, कारभारी. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. बसला तोही तोलून, सतरंजीच्या बरोबर मध्यावर. गहिनीनाथ चहा करायला उठला. बायकोच्या मंगळानं त्याला पहिल्यांदा शिकवलेली गोष्ट ती.

"मावशी, आमची रीत हाय, शंका आली की दोनदा तोलायचं," कारभारी म्हणाला. "म्हनून आलो. ह्यो शनी खरा का?"

"खोटा हाय. तुमच्या हातातला कागद चुकलाय, पाव्हणं, आन् मीच चुकवलाय."

कारभारीनं कागद उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूला खुलासा असेल. "कवा कळलं?"

"आज सकाळी. चूक सत्तावीस वर्सांची हाय, कळली आज. मी गावाच्या ग्रुपवरबी टाकलंय."

"जोश्यानं चूक कबूल केलेली मी पयल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. आलेली गाडी रिकामी निघावी तसा तो कागदाकडं बघत बसला. "मंग आता शनी न्हाईच म्हना."

"न्हाई. चंद्र गुरूच्या मांडीला मांडी लावून बसलाय. पन मंगळ हाय. चंद्राकडं टक लावून बगतोय, आन् जोडीदाराच्या घराकडंबी."

"मंगळ हाय?"

"हाय. लपवायचा असता तर तुमी यायच्या आदीच लपवला असता."

चाळीस वर्षांत मंगळाचं नाव ऐकून पडलेले चेहरे लंकाबाईनं पुष्कळ बघितले होते. हा चेहरा पडला नाही. कारभारीचे खांदे सैल झाले, त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चहाचा पहिला घोट शांतपणे घेतला. लंकाबाईनं हे बघून ठेवलं.

"मंग आवघडच झालं म्हनायचं," तो म्हणाला. "आमच्या ओंकारला मंगळ न्हाई."

"आवघड काय हाय त्यात? ऐका. पोरीचं कर्क लग्न. कर्कवाल्याला मंगळ दुश्मन न्हाई, कामाचा गडी हाय. आरडाओरडा करंल, पन काम उरकंल. आन् शेजारी गुरू हाय, त्यो मदी पडंल. पोरगी भांडनार. लिवून देते पायजे तर. पर भांडून झालं की सयपाक करंल, न्हाईतर ओंकारला करायला लावंल."

"माझ्याकडं बगा," गहिनीनाथ चुलीपासून म्हणाला. "चाळीस वर्सं मंगळासंगं काढलीत. चहाबी मीच केलाय ह्यो."

कारभारी हसला, पण उठायच्या बेतात होता. "तरीबी मावशी, जाणूनबुजून मंगळ घरात आनायचा म्हंजी..."

"पाव्हणं," लंकाबाईनं चष्मा काढला, "शनी गेला म्हनलं तवा तुमचं तोंड पडलं. मंगळ निगाला म्हनलं तवा तुमाला बरं वाटलं. मी आंधळी न्हाई. तुमाला ग्रह नकोय. तुमाला कारन हवंय. खरं काय हाय?"

कारभारीनं टोपी उचलली, पुन्हा ठेवली. बाहेर शेळीनं दाराला धडक दिली, तिच्याकडं कोणी बघितलं नाही.

"पोरगी परमनंट हाय," तो अखेर म्हणाला. "आमचं पोरगं काँट्रॅक्टवर. चार वर्सं झाली, आज करतो, उद्या करतो, चाललंय. उद्या त्याला घरी बसवलं तर हिच्या पगारावर बसायचं आमी? मी काट्यावर साऱ्या तालुक्याचा ऊस तोलला, मावशी. घरात पोराचं वजन कमी भरलेलं मला बगवायचं न्हाई. आन् हे पोरीला कसं इचारायचं? पत्रिका जुळत न्हाई म्हनलं की कुनाचं मन दुखत न्हाई."

आतल्या खोलीतून येणारा हेल्मेटच्या पट्ट्याचा आवाज थांबला होता.

"दुखतं," लंकाबाई म्हणाली. "तुमी उठून जाता, कारन पोरीच्या कागदावर राहतं. पुढचा येतो, त्यो तेच वाचतो. त्याच्या पुढचा तर आदीच ऐकून येतो. ही पोर आठ दिस आरशाम्होरं उभी राहून हसून बगत हुती, आपलं तोंड खरंच शनीसारखं हाय का म्हनून. ते माझ्या चुकीनं झालं. तुमी आता शहानपनानं करू नका."

कारभारी मान खाली घालून बसला. गहिनीनाथनं त्याचा कप पुन्हा भरला, आणि त्यानं नको म्हटलं नाही.

"मंग काय करू म्हंता?"

"व्हय म्हना, न्हाई म्हना, ते मी सांगनार न्हाई. त्यो तुमचा आन् ओंकारचा इचार. माझं एकच मागनं हाय. पोरगी आत बसलीय. आत्ता जे मला सांगितलंत ते तिला सांगा, कुठल्याच ग्रहाचं नाव न घेता."